टाकी मुरू द्या, मग मासे

आमच्या रुग्णालयात बालरुग्ण विभागाबाहेर एक लांब व्हरांडा आहे. एका टोकाला थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त देण्याची खोली, दुसऱ्या टोकाला औषधवाटपाची खिडकी. मधल्या बाकांवर मुले आणि त्यांच्या आया तासन्‌तास बसून असतात. दोन वर्षांपूर्वी एका देणगीदाराने या व्हरांड्यासाठी चार फूट लांबीचा फिश टँक दिला. मी मेडिसिन विभागातली, मुलांच्या वॉर्डशी माझा तसा थेट संबंध नाही. पण लहानपणी लोणच्याच्या बरणीत मासे पाळले होते, हे कधीतरी चहाच्या वेळी बोलून गेले होते. त्यामुळे टाकीची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली.

सकाळी टाकी पुसली, नळाचे पाणी भरले, रंगीत खडे आणि प्लास्टिकचा किल्ला ठेवला, फिल्टर सुरू केला. दुपारी फीत कापली आणि चौदा मासे सोडले. पाणी आरशासारखे स्वच्छ होते. त्या दिवशी रक्त घ्यायला आलेल्या मुलांमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी होती. दर तीन आठवड्यांनी येणारी, हाताला सुई लावताना ‘डाव्या हाताला लावा, उजव्याने मला लिहायचंय’ असे सांगणारी. सिस्टर म्हणाल्या बारा मासे आहेत. ती म्हणाली चौदा. दोघे किल्ल्यामागे लपले होते. तिचेच बरोबर होते.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाने हवा गिळू लागले. पाचव्या दिवशी पहिला मासा मेला. वॉर्डातल्या मामांनी मनापासून सगळे पाणी उपसले, खडे नळाखाली घासले, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन गेले. उरलेल्यांच्या पंखांवर लाल रेघा दिसल्या आणि माझ्यातली डॉक्टर जागी झाली. लाल रेघा म्हणजे संसर्ग, असे निदान करून मी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकल्या. रुग्णाला तपासणीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका, असे ज्युनिअर डॉक्टरांना रोज सांगणारी मीच ती. दहाव्या दिवशी शेवटचा गोल्डफिश गेला. आम्ही टाकी रिकामी करून कोरडी केली.

ती मुलगी तीन आठवड्यांनी पुन्हा आली. टाकीपाशी थांबली आणि मासे कुठे आहेत म्हणून विचारले. सिस्टर पटकन म्हणून गेल्या, “त्यांना डिस्चार्ज दिला.” मुलीने सिस्टरांकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता खोलीत जाऊन खाटेवर बसली. एक वर्षाची असल्यापासून ती या वॉर्डात येते आहे. ओळखीच्या मुलाची खाट रिकामी दिसली की आम्ही काय सांगतो, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असावे.

त्या संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या एका जुन्या दुकानदाराकडे गेले. मासे आम्ही दुसरीकडून घेतले होते, तरी त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “मॅडम, टाकी किती दिवस मुरवली होती?”

मुरवली म्हणजे काय, तेच मला माहीत नव्हते. “लोणचं मुरतं ना, तशी टाकी मुरते,” ते म्हणाले. “महिना-दीड महिना. त्याच्या आधी मासे टाकले तर ते मरण्यासाठीच टाकलेले असतात.” मासे पाळणारे याला ‘टँक सायकल करणे’ म्हणतात. इथे सायकल म्हणजे नायट्रोजनचे चक्र. शाळेत आठवी-नववीत त्याची बाणांची आकृती आपण सगळ्यांनी काढलेली असते. परीक्षेत तिला पूर्ण गुणही मिळालेले असतात.

आता नेमके काय घडले ते सांगते.

अन्नातली प्रथिने वापरल्यावर प्रत्येक प्राण्याच्या शरीरात अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. आपले यकृत त्याचा युरिया बनवते आणि मूत्रपिंडे तो युरिया लघवीवाटे बाहेर टाकतात. गोड्या पाण्यातले मासे इतका खटाटोप करत नाहीत. ते अमोनिया बहुतांशी कल्ल्यांमधून तसाच पाण्यात सोडून देतात. नदीत किंवा तळ्यात हे चालते, कारण पाणी अफाट असते. शिवाय तिथल्या वाळूवर, दगडांवर आणि पानांवर अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर असतो. नव्या काचेच्या टाकीत यांपैकी काहीही नसते.

डायलिसिस पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. डायलिसिसच्या नळीत एका पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहते आणि दुसऱ्या बाजूने उलट दिशेने द्रव वाहतो. माशाच्या कल्ल्यातही रक्त आणि पाणी असेच विरुद्ध दिशांनी वाहतात. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर द्रव लागतो. तो एकदा वापरला की गटारात जातो. तोच वापरलेला द्रव आपण दिवसभर फिरवत राहिलो तर रुग्णाचे काय होईल? नव्या टाकीत आम्ही चौदा माशांचे हेच केले होते. फिल्टर चालू होता, बुडबुडे येत होते, पाणी दिसायला नितळ होते. फिल्टर कचरा अडवतो. पाण्यात विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही आणि स्पंजात अडकतही नाही.

अमोनियाचा दुष्टपणा किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम, जे तुलनेने निरुपद्रवी असते. दुसरे मुक्त अमोनिया, जे कल्ल्यांतून सहज आत शिरते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी रूप एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का असते. सामू ८ झाला की तेच पाच टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे किटवर आकडा तोच, पण विष दहापट. बोअरचे जड, अल्कधर्मी पाणी भरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

यकृत निकामी झालेल्या रुग्णांमध्ये आम्ही हीच रसायनशास्त्राची खेळी उलट बाजूने खेळतो. अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचला की रुग्ण गुंगीत जातो, बरळतो. तेव्हा दिले जाणारे लॅक्ट्युलोजचे पातळ औषध मोठ्या आतड्यातला सामू उतरवते आणि अमोनियाला अमोनियमच्या रूपात तिथेच अडकवते. तीस वर्षे मी हे औषध लिहून देते आहे. टाकीसमोर उभी असताना मात्र ते आठवले नाही.

अमोनिया संपवणारे जिवाणू मोफत असतात आणि सगळीकडे असतात. प्रश्न फक्त वेळेचा असतो. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक आहेत. नायट्रेट बरेच सौम्य असून आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टाकीत त्याच्या आत राहिले की पुरे.

आम्हा डॉक्टरांना जिवाणू म्हटले की वीस मिनिटांत दुप्पट होणारा ई. कोलाय आठवतो. हे त्यांतले नव्हेत. यांना दुप्पट व्हायला बहुतेकदा अर्धा दिवस ते एक-दीड दिवस लागतो. अमोनियाच्या तुटपुंज्या ऊर्जेवर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवतात, त्यामुळे घाई त्यांच्या स्वभावात नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्लेटवर ते उगवतही नाहीत. पाण्यात ते फारसे पोहत नाहीत. स्पंज, खडे, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. म्हणून ‘जुन्या टाकीतले पाणी आणून टाका’ या सल्ल्याचा उपयोग थोडा आणि जुन्या टाकीतल्या मळक्या स्पंजाचा उपयोग फार. दही लावायला विरजण लागते, ताकाचे भांडे विसळलेले पाणी नाही. तसेच हे आहे.

हा उशीर नवा नाही. १८७७ मध्ये पॅरिसच्या श्लोसिंग आणि म्युंत्स या दोन शास्त्रज्ञांनी काचेच्या एक मीटर लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरून तिच्यातून सांडपाणी झिरपवत ठेवले. पहिले वीस दिवस काहीच झाले नाही. मग खालून निघणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा क्रिया बंद पडली. म्हणजे हे काम कुणी सजीव करत होते. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. शहरांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आजही यांच्याच जिवावर चालतात.

गंमत म्हणजे या विषयातले नवे शोधही माशांच्या टाक्यांतून निघाले आहेत. अमोनियावर जगणारे, जिवाणूंहून वेगळे असे आर्किया गटातले सूक्ष्मजीव २००५ मध्ये पहिल्यांदा वेगळे करण्यात आले, ते सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या समुद्री टाकीतून. आणि दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा जिवाणू २०१५ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या एका ठिकाणाचे नाव होते मत्स्यपालनाच्या टाकीचा फिल्टर. शंभर वर्षे आपण शाळेत शिकवत आलो की दोन टप्प्यांना दोन वेगळे जिवाणू लागतात. ते बहुतेकदा खरे आहे, नेहमी नाही.

आम्ही पुन्हा सुरुवात केली, या वेळी मासे न टाकता.

पहिले काम क्लोरीन काढण्याचे. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि असायलाच हवे. गावोगावी टीसीएल पावडर टाकून ओटी टेस्ट घेणारे कर्मचारी नसते तर आमचे वॉर्ड कॉलऱ्याने भरले असते. पण जंतू मारणारे क्लोरीन आपल्याला हवे असलेले जिवाणूही मारते आणि माशांचे कल्लेही भाजते. मामांनी स्पंज नळाखाली धुतला तेव्हा त्यात धरू पाहणारे थोडेफार जिवाणूही गेले असणार, आणि राहिलेल्यांवर माझे टेट्रासायक्लिन. आमच्या डायलिसिस विभागातला तंत्रज्ञ रोज पाण्यातले क्लोरीन तपासतो, कारण ते रक्तात गेले तर तांबड्या पेशी फुटतात. त्याने आपली पट्टी आणून दाखवली. साधे क्लोरीन उघड्या बादलीत, हवा खेळती ठेवली तर दिवसभरात उडून जाते. अमोनियाशी संयोग झालेले क्लोरामाइन तसे उडत नाही. सोडियम थायोसल्फेटचे थेंब दुकानात मिळतात, ते क्लोरीन तात्काळ निष्प्रभ करतात. हेच थायोसल्फेट आम्ही सायनाइडच्या विषबाधेत शिरेतून देतो.

दुसरे काम जिवाणूंच्या जेवणाचे. मासे नाहीत म्हणजे अमोनिया नाही, आणि अमोनिया नाही म्हणजे जिवाणू वाढणार नाहीत. नुसते पाणी दीड महिना फिरवत ठेवणाऱ्यांची टाकी मुरत नाही, फक्त जुनी होते. आम्ही बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतून शुद्ध अमोनियम क्लोराइड घेतले. आमच्या टाकीत सुमारे २०० लिटर पाणी मावते. त्यात सव्वा ग्रॅम टाकले की लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. घरी हे मिळाले नाही तर रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू द्यावे. त्याला वास येतो आणि वेळही जास्त लागतो, पण काम होते. फरशी पुसण्याचे सुगंधी अमोनियाचे द्रव मात्र कधीही टाकू नयेत.

तिसरे काम तपासणीचे. थेंब टाकून रंग पाहण्याचे किट मासे घेण्यापूर्वी घ्यावे, आणि पैसे कमी असतील तर किल्ला नको, किट घ्या. त्यात नायट्राइटचा जो गुलाबी-जांभळा रंग येतो, तोच गुलाबी रंग आमच्या लघवी तपासण्याच्या पट्टीवरही येतो. लघवीत जिवाणूंनी नायट्राइट बनवले असेल तर. रसायन एकच आहे.

सिस्टरांनी रुग्णांचा टेंपरेचर चार्ट लावतात तसा टाकीला एक चार्ट लावला. पहिले आठ दिवस अमोनिया दोनवरून हलला नाही. “मॅडम, मशिन बिघडलंय का?” मामा रोज विचारत. नवव्या दिवशी एका सहकारी डॉक्टरने आपल्या घरच्या टाकीतला स्पंजाचा मळका तुकडा आणून दिला. दुकानातलाही मिळाला असता. पण दुकानात रोज नवे मासे येतात, त्यांचे रोगही येतात. सहकाऱ्याच्या टाकीत दोन वर्षांत नवा मासा आला नव्हता. अकराव्या दिवशी अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइटची पहिली गुलाबी छटा दिसली. सोळाव्या दिवशी अमोनिया शून्य झाला. नायट्राइट मात्र तक्त्यावरच्या सर्वांत गडद जांभळ्या चौकोनापर्यंत पोहोचले होते.

दरम्यान मलेरिया विभागाचे कर्मचारी फेरीवर आले. साठलेले पाणी, त्यात मासे नाहीत, आणि तेही रुग्णालयात! “कोरडा दिवस पाळा म्हणून लोकांना सांगायचं आणि इथे तुम्हीच?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही झाकण आणि फिल्टरने हलते राहणारे पाणी दाखवले. त्यांनी तरीही टॉर्च मारून अळ्या पाहिल्या आणि दर आठवड्याला पाहणार असे सांगून गेले. जाताना म्हणाले, “गप्पी मासे टाका की! आत्ता आणून देतो.” मी म्हटले, महिन्याने द्या. त्यांना ते काही पटले नसावे.

एकोणिसाव्या दिवशी ती मुलगी आली. टाकीत पाणी, बुडबुडे, आणि मासा एकही नाही. तिने विचारण्याआधीच मी सांगितले की मागचे मासे मेले होते, आमच्या चुकीने मेले होते आणि ते का मेले. ‘डिस्चार्ज’वर तिने काही म्हटले नाही. चार्ट बघून विचारले, “हा जांभळा म्हणजे वाईट?” वाईट, पण असाच जावा लागतो, मी म्हटले. रक्ताची पिशवी संपल्यावर त्या दिवशीची तपासणी तिने केली. थेंब मोजून टाकले.

तो जांभळा रंग किती वाईट, हे मला माणसांत पाहून माहीत आहे. नायट्राइट रक्तात गेले की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि ते प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनच्या गोळ्या जास्त प्रमाणात गेल्याने असाच निळा पडलेला एक तरुण मी पाहिला आहे. ऑक्सिजन कितीही वाढवला तरी बोटावरचे यंत्र ८५ च्या आसपास अडकलेले, आणि काढलेले रक्त चॉकलेटच्या रंगाचे. माशांमध्येही असेच होते. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात आणि हवेचा पंप जोरात चालू असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. त्या तरुणाला आम्ही शिरेतून मेथिलीन ब्लू दिले. माशांच्या दुकानात निळ्या बाटलीत जे औषध मिळते तेही हेच. पण टाकीत ते ओतल्याने जिवाणूंनाही त्रास होतो. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट चढले तर थोडे साधे मीठ हा जास्त शहाणपणाचा उपाय आहे. मिठातले क्लोराइड कल्ल्यांच्या दारातच नायट्राइटची वाट अडवते.

चोविसाव्या दिवसानंतर आमची गाडी अडली. अमोनिया टाकला तर तोही आता लवकर संपेना आणि नायट्राइटही उतरेना. काय चुकले ते दोन दिवस कळले नाही. मग सामू तपासला तर सहाच्या जवळ आलेला. अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातला क्षार खात जाते. आमच्या शहराला येणारे धरणाचे पाणी मऊ, त्यात क्षार मुळात कमी, आणि चार-पाच वेळा अमोनिया टाकून आम्ही तो संपवला होता. सामू फार उतरला की हे जिवाणू हात आखडतात. अतिदक्षता विभागात रक्त आम्ल झालेल्या रुग्णाला कधी कधी बायकार्बोनेट देतो, इथे स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा, दोन चमचे. थोडे पाणीही बदलले. पस्तिसाव्या दिवशी जांभळा रंग गुलाबी झाला आणि छत्तिसाव्या दिवशी नाहीसा झाला. इतके अचानक होते की किट खराब झाले असे वाटते.

शेवटची परीक्षा अशी असते. पुन्हा दोन मिलिग्रॅमचा अमोनिया टाकायचा आणि चोवीस तासांनी पाहायचे. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य असेल तर टाकी तयार. आमची अडतिसाव्या दिवशी उत्तीर्ण झाली. साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्म्याहून जास्त पाणी बदलले. अर्थात क्लोरीन काढलेल्या पाण्याने.

तुमच्याकडे टाकी आधीच भरलेली असेल, मासेही आत असतील आणि हा लेख उशिरा हाती आला असेल, तर मासे काढून फेकण्याची गरज नाही. खाणे एक दिवसाआड आणि अगदी चिमूटभर द्या. रोज चौथा हिस्सा पाणी बदला, सगळे नाही. सगळे पाणी बदलण्याचा उत्साह आणि स्पंज पांढराशुभ्र करण्याचा उत्साह हे नव्या टाकीचे दोन मोठे शत्रू आहेत. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, तोही फार तुंबल्यावर. रात्री आवाज नको म्हणून फिल्टर बंद करू नका. या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो. बाटलीबंद जिवाणूंबद्दल खूप जण विचारतात. काहींनी वेळ वाचतो. पण या जिवाणूंना बीजाणू बनवून तग धरता येत नाही, त्यामुळे उन्हातल्या कपाटात वर्षभर पडलेल्या बाटलीवर मी भरवसा ठेवणार नाही. बाटली वापरली तरी निकाल किटच देईल.

डॉक्टर म्हणून एक-दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. टाकीच्या पाण्यातून त्वचेला चिवट संसर्ग करणारे, क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले जंतू येऊ शकतात. हातावर जखम असेल तर हात घालू नका, एरवी नंतर साबणाने धुवा. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. ज्यांची पाणथरी काढलेली आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, अशा मुलांनी टाकी पाहावी, साफ करू नये. आमच्या संसर्ग नियंत्रण समितीने टाकी वॉर्डात ठेवू दिली नाही. व्हरांड्यात, कुलूप असलेल्या झाकणासह परवानगी दिली. त्यांचा आग्रह मला त्या वेळी जाचक वाटला होता, आता वाटत नाही.

चाळिसाव्या दिवशी ती मुलगी आली त्याच सकाळी मलेरिया विभागाचे गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत गप्पी घेऊन आले. मी सहाच मागितले होते, ते मूठभर देत होते. मासे सोडताना चार्टवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असे तिने स्वतः लिहिले आणि खाली मासे सहा असे लिहिले. पुढचे दोन आठवडे सिस्टर रोज तपासत होत्या. एकदाही रंग बदलला नाही.

तीन आठवड्यांनी ती आली, पिशवी लावून घेतली आणि सलाइनचा स्टँड ढकलत टाकीपाशी आली. बराच वेळ मोजत होती. मग सिस्टरांना हाक मारून म्हणाली, चार्टवर सहा लिहिलेत ते चूक आहे, सतरा आहेत. सिस्टर म्हणाल्या, नाही गं, सहाच सोडलेत. मी जाऊन पाहिले. किल्ल्याच्या आडोशाला, खड्यांच्या लगत, डोळ्यांएवढीच दिसणारी पिल्ले होती. मला पंधरा मोजता आली.